अकराव्या शतकात साबुदाणा मिळत नाही

काळप्रवासाची आपल्याकडची एक फार जुनी गोष्ट एका मुलीच्या बापाची आहे. ककुद्मी रैवत नावाचा राजा आणि त्याची मुलगी रेवती. तिच्या तोलामोलाचं स्थळ काही पृथ्वीवर दिसेना, म्हणून हा तिला घेऊन थेट ब्रह्मदेवाकडे सल्ल्याला गेला. तिथे गंधर्वांचं गाणं चालू होतं. गाणं मध्येच तोडू नये एवढी रीत राजाला ठाऊक होती, म्हणून तो गुपचूप बसून राहिला. गाणं संपल्यावर त्याने मनातल्या स्थळांची यादी पुढे केली, तेव्हा ब्रह्मदेवाला हसू आलं. यादीतले मुलगे, त्यांचे नातू, पणतू, एवढंच काय पण त्यांची नावं आठवणारी माणसंसुद्धा केव्हाच संपली होती. खाली सत्तावीस चतुर्युगं उलटून गेली होती. अखेर अठ्ठाविसाव्यात बलराम मिळाला. रेवती आधीच्या युगातली, म्हणजे चांगलीच उंच. बलरामाने तिला नांगर लावून आपल्या मापाची करून घेतली, असं पुराण सांगतं. लग्नात जुळवून घ्यायची सुरुवात कोणाकडून होते, त्याचाही हा जुना पुरावा.

मला ही गोष्ट आवडते, कारण तिच्यात यंत्र नाही, लुकलुकणारे दिवे नाहीत, धूर नाही. माणूस कान देऊन बसला आणि युगं गेली.

लंडनच्या बीबीसीला हे नाइलाजाने कळलं. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी त्यांनी ‘डॉक्टर हू’ ही दूरचित्रवाणी मालिका सुरू केली. निळ्या पोलीस-खोक्यातून काळात हिंडणारा एक विक्षिप्त म्हातारा, असा मामला. मुलांना जाता जाता इतिहास शिकवावा हा मूळ हेतू, म्हणून १९६४ साली मार्को पोलोवर सात भाग झाले. पुढे काय झालं, तर जुन्या टेपा जागा अडवतात आणि पुन्हा वापरता येतात, असा घरगुती विचार करून बीबीसीने त्या पुसल्या. मार्को पोलोचं चित्र गेलं. पण त्या काळी काही पोरं दूरचित्रवाणीसमोर टेपरेकॉर्डर धरून बसायची, त्यामुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज शिल्लक आहे. चित्राचं काम म्हणून जन्माला आलेली गोष्ट अशी आपसूक श्रुतिका झाली. १९९९पासून बिग फिनिश नावाची कंपनी मुद्दामच डॉक्टरच्या ध्वनिनाटिका काढू लागली. त्यांतल्या एकीत इतिहासाची पन्नाशी उलटलेली प्राध्यापिका डॉक्टरबरोबर ट्यूडर इंग्लंडात जाते. इतिहासाच्या प्राध्यापकाला इतिहासात नेण्याचं धाडस इंग्रजच करू जाणे. आमचे प्राध्यापक तिथे उतरल्या उतरल्या राजाला म्हणतील, ‘तुमच्याविषयी दोन मतं आहेत.’

आता आमच्याकडची हकीकत. आम्ही जबलपूरचे मराठी लोक. आमच्या मंडळाने गणेशोत्सवात यंदा नाटकाऐवजी श्रुतिका करायची ठरवली. कारणं निव्वळ कलात्मक होती. ज्यांना पाठांतर होतं त्यांचे गुडघे दुखत होते आणि ज्यांचे गुडघे ठीक होते त्यांना पाठांतर होत नव्हतं. श्रुतिकेत खुर्चीवर बसून, चष्मा लावून, कागद बघून शूर होता येतं. विषय काळप्रवासाचा घ्यावा असं तरुण मंडळींनी सुचवलं. तरुण म्हणजे पंचेचाळीसच्या आतले.

काळप्रवास म्हटल्याबरोबर सभेतला निम्मा भाग पानिपताकडे निघाला.

मराठी माणसाच्या हाती काळयंत्र लागलं, तर त्याच्यावर एकच पाटी लागेल आणि ती पानिपतची असेल. १४ जानेवारी १७६१ला सकाळी तिथे अफगाणांपेक्षा पुणेकरांचीच गर्दी जास्त होईल, आणि प्रत्येक जण भाऊसाहेबांना हत्तीवरून उतरू नका म्हणून सांगत असेल. हे दुखणं जयंत नारळीकरांनी बरोबर ओळखलं होतं. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या त्यांच्या कथेतला इतिहासाचा प्राध्यापक ट्रकच्या धडकेने अशा एका जगात जाऊन पडतो, जिथे विश्वासरावांना गोळी लागलेलीच नाही आणि मराठे जिंकलेत. गंमत अशी, की त्या जिंकलेल्या जगातही मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी नांदतेच आहे. नारळीकर गणिती होते. एका ठिकाणी अधिक केलं की दुसरीकडे उणं होतं, हे ते कसे विसरतील?

जबलपूरकरांना तर पानिपताचं दुखणं घरचं आहे. पानिपतावरच्या सैन्याला रसद पोचवण्याचं आणि अब्दालीची रसद तोडण्याचं काम सागरच्या गोविंदपंत बुंदेल्यांकडे होतं. डिसेंबर १७६०मध्ये ते मारले गेले आणि सैन्याच्या पोटाला चिमटा बसला. याच सागरकरांनी १७८१ साली गढा-मंडल्याचं गोंड राज्य घेतलं आणि जबलपुरात मराठी अंमल आला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला, आणि १८१७च्या डिसेंबरात इंग्रज आले. म्हणून आमच्या सभेत एक ज्येष्ठ सभासद उठून म्हणाले, “पानिपत आपल्याच किराण्यावर अडलं. आपण एवढं करू, एक ट्रक गहू घेऊन जाऊ.” दुसरे म्हणाले, “ट्रक नको, नारळीकरांनी वापरलाय.” तिसऱ्यांनी गव्हाचा आजचा भाव विचारला. विषय खर्चावर आला आणि पानिपत आपोआप मागे पडलं.

मझौलीचं नाव सुचवलं ते आमच्या पौरोहित्य करणाऱ्या गुरुजींनी. मझौली हे जबलपूर जिल्ह्यातलं, सिहोऱ्याच्या पलीकडचं तालुक्याचं गाव. तिथे विष्णू वराहाचं मंदिर आहे. आजची इमारत नंतर पुन्हा उभारलेली, पण आतला वराह अकराव्या शतकातला, कलचुरी राजांच्या काळचा. माणसाच्या धडावर वराहाचं तोंड असा नव्हे, चारी पायांवर उभा असलेला पुरता वराह, आणि त्याच्या अंगावर ओळीच्या ओळी देवदेवता कोरलेल्या. जिथे इतर शिल्पकारांनी केस दाखवले असते तिथे या पठ्ठ्याने देव बसवलेत.

गुरुजींचा मुद्दा असा होता, की आपण प्रत्येक पूजेत संकल्प सांगतो तो दुसरं काय आहे? आधी कल्प सांगायचा, श्वेतवाराह. मग मन्वंतर, वैवस्वत. मग युग, अठ्ठाविसावं. म्हणजे रेवतीचं लग्न झालं तेच. मग कलियुगाचा पहिला चरण, मग द्वीप, वर्ष, देश, नदीचा कुठला तीर, शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. एवढा तपशीलवार पत्ता डॉक्टरच्या निळ्या खोक्यालाही लागत नसेल. आणि सगळ्याच्या मुळाशी तो वराह, कल्पालाच त्याचं नाव. “यंत्र तयार आहे,” गुरुजी म्हणाले, “फक्त आकडा चुकला पाहिजे.”

कथानक तिथेच जन्माला आलं. शके १९४७ची सत्यनारायणाची पूजा. यजमान, त्यांची बायको, सासूबाई आणि प्रसादाच्या वेळेवर आलेले एक मेहुणे. गुरुजी शकाचा आकडा संस्कृतात सांगतात, त्यात ‘सहस्र’ म्हणताना त्यांना ठसका लागतो. हजार गळाले, उरले नऊशे सत्तेचाळीस. ठसका ओसरतो तेव्हा कुटुंब चौरंगासकट अकराव्या शतकातल्या मझौलीत.

इथपर्यंत सगळे खूश होते. मग निवृत्त इतिहास-शिक्षिका असलेल्या आमच्या वहिनींनी चष्मा पुसला आणि विचारलं, “नऊशे सत्तेचाळीस, पण कुठलं?”

शालिवाहन शक धरला तर अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, म्हणजे इ.स. १०२५. त्रिपुरीच्या गादीवर कलचुरी राजा गांगेयदेव, सोन्याच्या नाण्यावर लक्ष्मी छापणारा. अल्बेरूनीने त्याचं नाव लिहून ठेवलंय. विक्रम संवत धरला तर सत्तावन्न वजा, म्हणजे ८९०, आणि आपल्या वराहाचा दगड अजून डोंगरात. पण मझौली कलचुरींची, आणि कलचुरींना स्वतःचा वेगळा संवत होता. तो इ.स. २४८-४९च्या सुमारास सुरू होतो. त्याने मोजलं तर ११९५, राज्य उताराला लागलेलं. एकच आकडा, तीन शतकं. वहिनींनी महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशींचं नाव घेतलं तेव्हा सभा सावरून बसली. नागपूरच्या या मराठी पंडिताने कलचुरी-चेदी संवताचे सगळे लेख गोळा करून १९५५ साली त्यांचे दोन जाडजूड भाग काढले. पूर्वीच्या कुठल्या राजाने कुठल्या तिथीला कोणाला गाव दान दिलं, ते त्यात तपासून मिळतं. काळयंत्र बनवणाऱ्याने आधी मिराशी वाचावेत हे वहिनींचं म्हणणं मला पटलं. इंग्रजी काळप्रवासी एक आकडा फिरवतो आणि पोचतो. आमच्या प्रवाशाला आधी पंचांगाच्या कचेरीत रांग लावावी लागेल.

खरं तर जबलपूरच्या मराठी माणसाला यात नवल वाटायला नको. आम्ही घरबसल्या काळप्रवास करतोच. इथला महिना पौर्णिमेला संपतो, आमचा अमावास्येला. शेजारच्या तिवारींकडे श्रावण लागतो तेव्हा आमच्याकडे आषाढाचे पंधरा दिवस बाकी असतात. भिंतीच्या त्या बाजूला उपास, या बाजूला मासळी तळण्याचा वास. राखी झाली की त्यांचा श्रावण सरतो आणि आमचा अर्धा उरतो. मग वास तिकडून येतो आणि उपास इकडे. कृष्णजन्म दोन्ही घरी एकाच रात्री, पण त्यांचा भाद्रपदात आणि आमचा श्रावणात. त्यात आम्ही नर्मदेच्या उत्तर तीरावर. महाराष्ट्रातून आलेले गुरुजी सवयीने गोदावरीचा तीर सांगून टाकतात आणि देव चुकीच्या पत्त्यावर नैवेद्य घ्यायला जातो, अशी आमच्या आजीची तक्रार असे.

असो. शालिवाहन शक धरावा असा ठराव झाला, कारण मंडळ मराठी आहे.

खरी पंचाईत आवाजांची निघाली. श्रुतिकेत पात्रांना जे दिसतं ते बोलून दाखवावं लागतं. “अगंबाई, तुम्ही! आणि हातात ही नंगी तलवार? आणि मागे तो हत्ती पण?” रंगमंचावर असं बोलणाऱ्या बाईला लोक हसतील, रेडिओवर तीच चतुर ठरते. घोड्यासाठी नारळाच्या करवंट्या, विजेसाठी पत्रा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण अकरावं शतक ऐकवायचं कसं? आमच्या ध्वनिसंयोजकाने पुष्कळ विचार करून सांगितलं की त्या शतकात काय वाजतं यापेक्षा काय वाजत नाही ते महत्त्वाचं. मोटरसायकल नाही, भोंगा नाही, कुकरची शिट्टी नाही, फोन नाही. म्हणजे आवाज काढून टाकायचे. ते काढले, आणि शांतता उरली. पहिल्या वाचनाला त्याने दहा सेकंदांची शांतता ठेवली, तर मागच्या रांगेतून आवाज आला, “माइक गेला वाटतं.” शांतता म्हणजे बिघाड, ही आपल्या श्रोत्यांची पक्की समजूत आहे. अखेर त्याने मझौलीला जाऊन खरे आवाज आणायचं ठरवलं. तासन्‌तास बसून त्याला मिळाले ते असे: कीर्तनाचा ध्वनिवर्धक, ट्रॅक्टर, क्रिकेटची कॉमेंटरी, त्याच्या स्वतःच्या फोनची घंटी, आणि मध्ये एकदा कोकीळ. दोन्ही शतकांना चालेल असा ऐवज म्हणजे तेवढी कोकीळ. श्रुतिकेत आता ती सारखी ओरडते, राजसभेतसुद्धा.

आमच्या ध्वनिसंयोजकाला जे जमलं नाही ते भेडाघाटच्या नावाड्यांना रोज जमतं, हे मुद्दाम सांगायला हवं. संगमरवरी कड्यांमधून नाव नेताना ते यमक जुळवत जे बोलतात, ती अव्वल दर्जाची श्रुतिका असते. एका वल्ह्याला खडकाचं वय, दुसऱ्याला राज कपूरचं शूटिंग, तिसऱ्याला शाहरुखच्या ‘अशोका’चं, आणि मध्येच तुमच्या बरोबरच्या नवविवाहित जोडप्यावर एक टोमणा. तीन वल्ह्यांत लाखो वर्षं पालथी घालतात आणि उतरताना बक्षिशी मागायला बरोबर वर्तमानात येतात. विज्ञानकथेत आणि विनोदात तर जबलपूरकरांचा हात कोणी धरणार नाही. हरिशंकर परसाई याच गावात राहिले आणि त्यांनी आपला इन्स्पेक्टर मातादीन चंद्रावर धाडला. जिथे इन्स्पेक्टरसुद्धा अवकाशयात्री होतो, तिथे सत्यनारायणाच्या यजमानांनी शतक ओलांडलं तर काय बिघडलं?

भाषेवर मात्र भांडण झालं. मझौलीत १०२५ साली लोक काय बोलत असतील? ताम्रपट संस्कृतात, पण ताम्रपटासारखं कोणी भाजी विकत घेत नाही. खुद्द मराठी तेव्हा नुकती कुठे दगडावर उमटू लागलेली. अक्षीचा शिलालेख शके ९३४चा मानतात. आमच्या नटांना ऐतिहासिक मराठी म्हणजे नाटकातली तेवढी येते. “सरकार, घात झाला! फौज किल्ल्याशी आली, शिबंदी जखमी आहे, जरा मसलत करू!” वहिनींनी लाल पेन्सिल काढली. सरकार फारसी, फौज अरबी, किल्ला अरबी, जखम फारसी, मसलत अरबी, जरासुद्धा अरबी. सगळं पुढच्या शतकांतलं. पेन्सिल थांबली तेव्हा सेनापतीच्या वाट्याला ‘घात झाला’ एवढंच उरलं, आणि ते त्याने इतकं मनापासून म्हटलं की तोच प्रवेश सगळ्यात चांगला झाला. द्वारपालाचं काम आमच्या हॉलच्या रखवालदाराला दिलंय. तो आपल्या बुंदेलीत “काए, का हो गओ?” एवढंच विचारतो. तेही अकराव्या शतकातलं नव्हे, पण कानाला ते खरं वाटतं, आणि श्रुतिकेत कानाचा निकाल शेवटचा.

या सगळ्यात कुटुंबाचं काय झालं? मला वाटतं, खरी शोकांतिका तिथेच आहे. इंग्रजी काळप्रवाशाला इतिहास बदलेल याची धास्ती असते. आमच्या सासूबाई उतरल्या त्या दिवशी एकादशी निघाली, आणि साबुदाणा मिळेना. मिळणार कुठून? साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो अमेरिकेतला. बटाटाही तिकडचा. शेंगदाणाही तिकडचा. हिरवी मिरची पोर्तुगीजांबरोबर पाचशे वर्षांनी यायची होती. म्हणजे खिचडीतलं राहिलं काय, तर तूप, जिरं आणि मीठ. मेहुण्यांना चहा नाही. यजमान वैदर्भी, त्यांना मिरचीशिवाय जेवण म्हणजे आजारपण वाटतं. आपल्या सनातन उपासाचा फराळ कोलंबसानंतरचा आहे ही बातमी आमच्या सभेला मझौलीच्या वराहापेक्षा जास्त हादरवून गेली. एका आजींनी तर हे वाक्य श्रुतिकेतून काढा म्हणून लेखी अर्ज दिलाय. अर्ज कार्यकारिणीपुढे आहे.

आणखी एक अंक आम्ही खर्चापायी सोडला. ठसका दोनदा लागून कुटुंब फार मागे जातं, असा. जबलपूरच्या टेकडीवर १८२८ साली कॅप्टन स्लीमनला, तोच ठगांचा काळ ठरलेला स्लीमन, मोठाली हाडं मिळाली. भारतातल्या डायनासोरांचा शोध तिथून सुरू होतो. १८७७मध्ये त्यांतल्या हाडांवरून टायटानोसॉरसचं नाव ठेवलं गेलं. अंक छान झाला असता. पण डायनासोर कसा ओरडे ते कोणालाच माहीत नाही, आणि ज्या सभासदांच्या घोरण्याचा आवाज त्यासाठी वापरायचा होता त्यांनी परवानगी नाकारली.

माझं मत विचाराल तर पानिपत सोडून मझौलीला गेलो ते बरं झालं. पानिपतावर जाणारा मराठी माणूस बोलायला जातो; तिथे त्याला सगळं आधीच माहीत असतं. मझौलीत त्याला काहीच माहीत नसतं. कोण राजा, कोण शत्रू, कोणाची बाजू घ्यायची, काही ठाऊक नाही, म्हणून बिचारा ऐकतो. ध्वनिनाटिकेला एवढंच भांडवल पुरतं. विश्वासरावांना वाचवायला लिहिणारे पुष्कळ आहेत. अकराव्या शतकातल्या कोणा पाथरवटाने वराहाच्या अंगावर देव कोरता कोरता दुपारी शिदोरी सोडली तेव्हा शेजारच्याशी काय बोलला असेल, ते लिहायला अजून कोणी बसलेलं नाही.

तेव्हा लिहिणाऱ्यांना विनंती आहे. जबलपूर-कटनी मार्गावर सिहोरा रोड स्टेशन आहे, तिथे उतरा. पुढे मझौलीपर्यंत रस्त्याने वाहन मिळतं. विष्णू वराह कुठे म्हणून विचारलं तर गावात कोणीही दाखवेल. आवाज मुद्रित करायचे असतील तर उजाडायच्या आत पोचा, आणि फोन बंद ठेवा.